काडतूस भरणारा प्राध्यापक

दिवसा विद्यापीठात विद्यार्थ्यांना इंग्रजी आणि पत्रकारिता शिकवायची आणि उरलेल्या वेळी घरच्या मेजावर बंदुकीची दारू तोलत बसायचे, असा दुहेरी संसार जॅक ओ’कॉनर यांनी अनेक वर्षे केला. तराजू सराफाच्या काट्याइतकाच नाजूक आणि वजनाचे मापही तसेच. दारू आणि गोळी ‘ग्रेन’मध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे आपली साधारण अर्धी गुंज. सराफाच्या पेढीवर गुंजभर चूक झाली तर थोडे पैसे जातील. या मेजावर काही गुंजांची चूक बंदूक फोडू शकते आणि ती धरणाऱ्याचा डोळाही घेऊ शकते.

अमेरिकेतील शिकारी विसाव्या शतकाच्या मध्यावर ज्याच्या शब्दावर विसंबून दारू आणि गोळी निवडत असत, असे हे गृहस्थ. ‘आउटडोअर लाइफ’ या मासिकाचे ते तीन दशके शस्त्रविषयक संपादक होते. मात्र त्यांची शिकवण समजून घ्यायची तर सुरुवात अॅरिझोनाच्या वाळवंटापासून करावी लागते.

जॅक यांचा जन्म २२ जानेवारी १९०२ रोजी झाला. अॅरिझोना तेव्हा राज्य नव्हते. तो दर्जा त्याला १९१२ मध्ये मिळाला. जॅक लहान असतानाच आईवडील विभक्त झाले आणि मुलाचे बालपण टेंपी या छोट्या गावात आजोळच्या छायेत गेले. आजोबा जेम्स वुल्फ हे जुन्या पिढीतले पशुपालक आणि शिकारी. त्यांच्यामुळे मुलाला रानाची ओढ लागली. गावाबाहेर पडले की वाळवंट सुरू होत असे. या बालपणाची आठवण ओ’कॉनर यांनी पुढे १९६९ मध्ये ‘हॉर्स अँड बग्गी वेस्ट’ या पुस्तकात लिहून ठेवली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, जॅकने लष्कराचा गणवेश चढवला. नंतर काही काळ नौदलातही काढला. परतल्यावर शिक्षण पुरे केले. १९२५ मध्ये आर्कान्सा विद्यापीठाची पदवी आणि १९२७ मध्ये मिसूरी विद्यापीठाची पत्रकारितेतील पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळवली. त्याच वर्षी एलिनॉर बॅरी यांच्याशी विवाह झाला. टेक्सासमधील अल्पाइन, मग अॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ आणि १९३४ पासून टूसॉन येथील अॅरिझोना विद्यापीठ असा अध्यापनाचा प्रवास झाला. मधल्या काळात, १९३० मध्ये, ‘कॉन्क्वेस्ट’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १९३८ मध्ये ‘बूम टाऊन’ आली. महामंदीचे दिवस होते. वाढत्या संसाराला प्राध्यापकाचा पगार पुरत नसे आणि नियतकालिकांतील लेखनाने त्याला हातभार लागत असे. ‘आउटडोअर लाइफ’मध्ये त्यांचे लेखन १९३४ पासून येऊ लागले.

त्यांच्या पदवीचे वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे ठरले. १९२५ मध्येच विंचेस्टर कंपनीने ‘.२७० विंचेस्टर’ हे नवे काडतूस बाजारात आणले. अमेरिकी सैन्याच्या प्रसिद्ध ‘.३०-०६’ काडतुसाच्या घराण्यातले हे अपत्य. पुंगळीचे तोंड मात्र अरुंद केलेले. त्यात १३० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅमची गोळी बसवलेली होती आणि ती सेकंदाला तीन हजार फुटांहून अधिक वेगाने निघत असे. त्या काळी हा वेग थक्क करणारा होता. वेगवान गोळीचा मार्ग अधिक सपाट असतो. डोंगराच्या एका सोंडेवरून पलीकडच्या सोंडेवरचे जनावर टिपताना अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फारसा ढळत नाही. अॅरिझोनातील आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकोतील सोनोरा प्रांतातील उघड्याबोडक्या डोंगरांत रानमेंढ्यांच्या मागे हिंडणाऱ्या ओ’कॉनर यांना हे काडतूस मानवले. पुढे त्यांचे नाव आणि ‘.२७०’ हा आकडा अमेरिकेत एकत्रच घेतले जाऊ लागले.

सुरुवातीला या काडतुसाबद्दल कुरकुर कमी नव्हती. हरणाच्या शिकाऱ्यांची तक्रार अशी की, गोळी इतक्या वेगाने आदळते की मांसाचा चेंदामेंदा होतो. तक्रार ऐकून कंपनीने १५० ग्रेनच्या जड गोळीचे आणि मुद्दाम वेग कमी केलेले काडतूसही काढले. ते खपले नाही. मांसाची नासाडी नको म्हणणाऱ्यांनाही वेगाचा मोह सुटत नव्हता. दारू आणि गोळी निवडताना एक गुण पदरात घ्यायचा तर दुसऱ्यावर पाणी सोडावे लागते, हे बाजाराने असे दाखवून दिले.

काडतूस हाताने भरणे म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगायला हवे. काडतुसाचे घटक चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाल्यावर प्रायमर, दारू आणि गोळी खर्ची पडतात. सर्वांत महाग असलेली पुंगळी मात्र हाती उरते. तिला साच्यात दाबून पूर्ववत आकार द्यायचा, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. पैसे वाचतात हा पहिला लाभ. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. कारखाना हजारो बंदुकींना चालेल असे सरासरी काडतूस बनवतो. घरी भरणारा आपल्या एकाच बंदुकीला आणि आपल्या शिकारीला साजेसे काडतूस बनवू शकतो.

त्यासाठी पहिली निवड दारूची. धूर न करणाऱ्या आधुनिक दारूचे अनेक प्रकार असतात आणि त्यांतला मुख्य भेद जळण्याच्या गतीचा. चुलीत काटक्या घातल्या तर भडका उडतो आणि क्षणात विझतो. जाड ओंडका सावकाश पेट घेतो आणि बराच वेळ धग देतो. दारूचेही तसेच आहे. झटकन जळणारी दारू गोळी जागची हलते न हलते तोच दाब शिगेला नेते. सावकाश जळणारी दारू गोळी नळीतून पुढे सरकत असताना मागून ढकलत राहते. पिस्तुलाच्या छोट्या पुंगळीला पहिली योग्य, तर ‘.२७०’सारख्या मोठ्या पोटाच्या आणि अरुंद तोंडाच्या पुंगळीला दुसरी. येथे चुकीला जागा नाही. या काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा आज चौरस इंचाला ६५,००० पौंड अशी ठरवलेली आहे. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या साधारण दोन हजार पट दाब नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर निर्माण होत असतो.

दुसरी निवड गोळीची, आणि शिकारीच्या दृष्टीने तीच अधिक नाजूक. शिकारी गोळीचा गाभा शिशाचा आणि वरचे आवरण तांब्याच्या मिश्रधातूचे असते. आवरण पातळ आणि शिसे मऊ असेल तर गोळी आदळताच फुटते. वरवर मोठी जखम होते, पण गोळी हृदय-फुप्फुसांपर्यंत पोहोचत नाही आणि जनावर जखमी अवस्थेत कुठेतरी झाडीत जाऊन तडफडते. आवरण फार कठीण असेल तर गोळी न उमलता आरपार निघून जाते. पुन्हा तीच तडफड. हवी ती गोळी या दोहोंच्या मधली, आत शिरताना कळीसारखी उमलणारी आणि तरीही एकसंध राहून खोल जाणारी. वेग वाढला की हा तोल साधणे अधिक अवघड होते, कारण संथ वेगाला योग्य असलेली गोळी दुप्पट वेगाला मातीच्या ढेकळासारखी फुटू शकते. म्हणून दारू आणि गोळी यांची निवड वेगवेगळी करताच येत नाही. दारू वेग ठरवते आणि वेगावर गोळीचे वर्तन ठरते.

ओ’कॉनर यांनी वाचकांना आयुष्यभर हाच हिशेब शिकवला. १९३९ मध्ये त्यांच्याकडे मासिकातील बंदुकांविषयीचे सदर आले आणि १९४१ मध्ये ते शस्त्रविषयक संपादक झाले. १९४५ मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली, पण शिकवणे सुटले नाही. वर्ग मात्र देशभर पसरला. हिशेब कोरडा असला तरी लेखन कोरडे नव्हते. कादंबरीकाराची लेखणी, स्वतःवर हसण्याची सवय आणि अतिशयोक्तीचा तिटकारा यांमुळे ज्यांनी कधी बंदूक हाती धरली नाही असेही लोक त्यांचे लेख वाचत. ‘द रायफल बुक’ हे त्यांचे गाजलेले पुस्तक १९४९ मध्ये आले.

युद्ध संपल्यावर या छंदाचे रूपच पालटले. सरकारी कोठारांत युद्धासाठी केलेल्या दारूचे डोंगर पडून होते. कॅन्सस राज्यातील ब्रूस हॉजडन या विक्रेत्याने आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून त्यातली ५०,००० पौंड दारू विकत घेतली आणि रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवून ती सामान्य नेमबाजांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. पुढे २० मिलिमीटर तोफांच्या काडतुसांसाठी बनवलेली एक दारू त्याच्या हाती आली. तिचा क्रमांक ४८३१. ती इतकी सावकाश जळणारी होती की तेव्हाच्या बहुतेक काडतुसांत तिचा उपयोग नव्हता. ‘.२७०’ला मात्र ती नेमकी जुळली. १३० ग्रेनच्या गोळीमागे ती उत्तम वेग देई आणि पुंगळी जवळजवळ काठोकाठ भरत असल्याने चुकून दुप्पट माप पडण्याचा धोकाही राहत नसे. ओ’कॉनर यांनी या दारूबद्दल लिहिले आणि तोफेची ही दारू घरोघरी पोहोचली. त्यांचे आवडते माप नेमबाजांच्या इतके तोंडी झाले की नवशिकेही ते पाढ्यासारखे म्हणू लागले. पुढे याच पाठांतराने मोठा पेच निर्माण केला. त्याकडे वळण्याआधी गोळीची गोष्ट पुरी करू.

१९४८ मध्ये ओ’कॉनर कुटुंब आयडाहो राज्यातील लुइस्टन या नदीकाठच्या गावी राहायला गेले. व्हर्नन स्पीअर यांचा गोळ्यांचा कारखाना याच गावात होता. कारखान्यात भरलेली काडतुसे विकत घेण्यापेक्षा नुसत्या गोळ्या घेऊन घरी काडतूस भरणाऱ्यांसाठी त्या काळात असे कारखाने उभे राहत होते. ऑरेगनमधील जॉन नोस्लर यांची कथा तर प्रसिद्धच आहे. १९४६ मध्ये कॅनडात मूस या प्रचंड सांबरवर्गीय प्राण्यावर त्यांनी वेगवान गोळ्या झाडल्या. जनावराच्या अंगावर चिखलाचे पुट होते. गोळ्या वरच्या वर फुटल्या आणि आत पोहोचल्याच नाहीत. घरी परतून नोस्लर यांनी मध्ये धातूची आडभिंत असलेली गोळी घडवली. पुढचा अर्धा भाग उमलतो, आडभिंतीमागचा अर्धा भाग शाबूत राहून खोल जातो. १९४८ मध्ये या ‘पार्टिशन’ गोळीचा व्यवसाय सुरू झाला. वेग आणि खोली यांचे भांडण बऱ्याच अंशी मिटवणारी ही गोळी ठरली.

भांडण पूर्णपणे मिटले मात्र नाही, कारण त्याची दुसरी बाजू लावून धरणारा माणूसही तितकाच समर्थ होता. एल्मर कीथ हे त्याच आयडाहोतील नावाजलेले शिकारी आणि बंदुकांवरील लेखक. त्यांचे म्हणणे असे की, मोठ्या जनावरासाठी मोठ्या व्यासाची आणि जड गोळीच हवी; हलक्या, वेगवान गोळीवर विसंबणे म्हणजे जनावराला जखमी करून सोडणे. ओ’कॉनर यांचे म्हणणे निराळे होते. गोळी कुठे लागते याला सर्वाधिक महत्त्व. धक्का सौम्य असेल तर माणूस न बिचकता नेम धरतो. आणि योग्य रचनेची मध्यम वजनाची गोळी नेमक्या जागी लागली तर तिचे काम ती चोख करते. दोघांचे लेखणीयुद्ध अनेक वर्षे चालले आणि वाचकांचे दोन तट पडले. आज मागे वळून पाहता जाणवते की दोघांची चिंता एकच होती. जनावर क्षणात मरावे, झुरत मरू नये. जुन्या गोळ्यांचा अनुभव गाठीशी असलेल्या कीथ यांची शंका निराधार नव्हती. गोळ्यांची घडण जसजशी सुधारली, तसतसे ओ’कॉनर यांचे पारडे जड होत गेले.

त्यांचा सर्वांत बोलका पुरावा त्यांच्या घरातच होता. एलिनॉर स्वतः उत्तम नेमबाज होत्या. त्यांची आवडती बंदूक जुन्या ७ मिलिमीटर माउझर काडतुसाची, म्हणजे ‘.२७०’पेक्षाही सौम्य धक्क्याची. तिच्यासाठी काडतुसे भरण्याचे काम पतिराजांकडे असे. मोठमोठ्या तोफा खांद्यावर मिरवणारे पुरुष जेथे दोन-तीन बार वाया घालवत, तेथे एलिनॉर यांचे एका गोळीत भागे, आणि ओ’कॉनर हे लेखांतून कौतुकाने सांगत.

१९५० च्या दशकात वाघाच्या शिकारीसाठी ओ’कॉनर भारतातही आले होते. तेव्हा अशी शिकार कायदेशीर होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीचा खेळ संपला आणि ते योग्यच झाले. त्या लेखांतील काही पाने आजच्या वाचकाला टोचतात, हे मान्य करायला हवे. तरीही या गृहस्थांकडे शिकारी म्हणून बोट दाखवून थांबता येत नाही. उत्तर अमेरिकेतील रानमेंढ्यांविषयी त्यांनी जे बारकाईने लिहून ठेवले, त्यामागे डोंगरांत काढलेल्या दीर्घ वर्षांचे निरीक्षण आहे. ‘शीप अँड शीप हंटिंग’ हे त्यांचे १९७४ चे पुस्तक त्याची साक्ष देते.

१९७२ मध्ये ते ‘आउटडोअर लाइफ’मधून निवृत्त झाले. याच सुमारास ४८३१ दारूचा तो पेच उभा राहिला. युद्धातला शिल्लक साठा संपत आला होता. हॉजडन कंपनीने त्याच क्रमांकाची दारू नव्याने बनवून घेण्यास सुरुवात केली. दुसरीकडे ड्यूपाँ कंपनीनेही सत्तरीच्या दशकात ४८३१ याच क्रमांकाची आपली दारू बाजारात आणली. मात्र ती थोडी लवकर जळणारी होती. डब्यावरचा आकडा एकच, आतला स्वभाव वेगळा. वर्षानुवर्षे पाठ असलेले जुने माप कोणी डोळे झाकून नव्या डब्यातून भरले, तर दाब धोक्याच्या रेषेपलीकडे जाण्याची शक्यता होती. एका दारूचे माप दुसरीला लावू नका, असा इशारा मार्गदर्शक पुस्तिकांना द्यावा लागला.

या हस्तकौशल्यातला खरा धडा येथेच आहे. मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेल्या कमाल मापापासून कधीच सुरुवात करायची नसते. सर्वांत कमी मापापासून निघायचे आणि थोडे थोडे वाढवत जायचे. प्रत्येक टप्प्यावर प्रायमर चपटा झाला आहे का, बोल्ट उघडताना जड जातो आहे का, हे पाहायचे. दारूचा डबा बदलला, गोळी बदलली, पुंगळी दुसऱ्या कंपनीची आली, तर पुन्हा खालून सुरुवात. उन्हाने तापलेल्या दारूचा दाब थंडीतल्या दारूपेक्षा अधिक असतो, हेही ध्यानात ठेवायचे. एकाची बंदूक पेलते ते दुसऱ्याची पेलेलच असे नाही. म्हणूनच ओ’कॉनर यांच्या त्या प्रसिद्ध मापाचा आकडा या लेखात दिलेला नाही. तो त्यांच्या बंदुकीचा, त्यांच्या काळातल्या दारूचा आकडा होता.

स्वतः ओ’कॉनर या बाबतीत आश्चर्य वाटावे इतके साधे होते. नवनवी मिश्रणे शोधण्याचे वेड त्यांना नव्हते. आपल्या बंदुकीला जुळलेली मोजकी मिश्रणे सापडली की ती वर्षानुवर्षे वापरायची, त्यांचे वागणे नीट ओळखून घ्यायचे आणि उरलेला वेळ रानात घालवायचा. त्यांची लाडकी ‘क्रमांक दोन’ ही बंदूक लुइस्टनमधल्याच दुकानातून घेतलेली साधी विंचेस्टर होती. तिला स्पोकेन येथील कारागीर अल बीसन यांनी अक्रोडाच्या लाकडाचा देखणा दस्ता घडवून दिला. ती त्यांनी अखेरपर्यंत वापरली.

२० जानेवारी १९७८ रोजी हवाई बेटांवरून परतणाऱ्या जहाजावर त्यांचे निधन झाले. शहात्तराव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. त्याच वर्षी एलिनॉरही गेल्या. २००६ मध्ये लुइस्टनजवळ त्यांच्या नावाने संग्रहालय उघडले गेले.

त्यांच्या मृत्यूला आज पंचेचाळीसहून अधिक वर्षे लोटली. ‘.२७०’ काडतूस अजून बनते, नोस्लर यांची आडभिंतीची गोळी अजून विकली जाते आणि ४८३१ क्रमांकाचे डबे दुकानांत अजून दिसतात. घरच्या मेजावर नवे मिश्रण जुळवायला बसणारा आजचा नवशिका पुस्तिकेतील सर्वांत खालच्या ओळीपासून सुरुवात करतो, एक एक बार उडवून पाहतो, वहीत नोंद करतो आणि मगच अर्धी गुंज वाढवतो.